ओझरचं तेजस सातपूर-अंबडच्या गाळ्यापर्यंत कसं पोहोचेल?

गोदाकाठ (धागाकर्ता)

१७ ऑक्टोबर २०२५ ला नाशकात जोडलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान शहराजवळच्या ओझरहून आकाशात गेलं. त्याच कार्यक्रमात तेजसच्या तिसऱ्या आणि एचटीटी-४० या शिकाऊ विमानाच्या दुसऱ्या उत्पादन लाइनचं उद्घाटन झालं. ओझरच्या लाइनची क्षमता वर्षाला आठ तेजसची आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. तेव्हापासून 'नाशिक आता एरोस्पेस हब होणार' हे वाक्य जिकडे तिकडे ऐकू येतं. या 'होणार'बद्दल बोलावं म्हणून हा धागा काढतोय, कारण हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) ओझरचा विमान कारखाना १९६४ पासून आपल्या उशाशी आहे.

थोडा इतिहास. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले आणि मिग-२१ चा कारखाना ओझरला आला. पण त्या प्रकल्पाची वाटणी कशी झाली ते पाहा. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मागे पडलेल्या भागांनाही उद्योग मिळावा हा विचार चांगलाच होता. मात्र सांगाडेवाला, इंजिनवाला आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला एका टपरीवर चहाला भेटणार नाहीत, हेही तेव्हाच ठरून गेलं.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेफिल्डसारख्या गावांकडे बघून एकाच धंद्याचे लोक एकाच जागी का गोळा होतात याची कारणं मांडली होती. त्या कामाचा कसबी माणूस तिथे सहज मिळतो, सुटे भाग आणि सेवा पुरवणारे शेजारीच उभे राहतात आणि धंद्यातली अक्कल एका कारखान्यातून दुसऱ्यात आपोआप झिरपते. सव्वाशे वर्षं झाली तरी ही कारणं टिकून आहेत. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण जमीन देऊन किंवा सबसिडी वाटून ते विकत घेता येत नाही.

सिलिकॉन व्हॅलीचंच बघा. विल्यम शॉकलीने १९५६ मध्ये माउंटन व्ह्यूला कंपनी काढली. त्या भागात यायचं त्याचं एक कारण म्हणजे आई पालो आल्टोला राहायची. १९५७ मध्ये आठ जण त्याला सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. तिथल्या नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. फेअरचाइल्डमधून बाहेर पडून कंपन्या काढणाऱ्यांची यादी फार लांब आहे. हे शक्य झालं कारण 'नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाणार नाही' असा करार कॅलिफोर्नियात कायद्याने टिकतच नाही, आणि तो कायदा १८७२ चा आहे. शिवाय सुरुवातीच्या महागड्या चिप विकत घ्यायला क्षेपणास्त्रांचा आणि अपोलोचा कार्यक्रम तयार होता. म्हणजे गिऱ्हाईक सरकारी, पण माणसं मोकळी.

ओझरला गिऱ्हाईक सरकारीच होतं. माणसं मात्र बाहेर पडली नाहीत. वसाहत, शाळा, दवाखाना, कायमची नोकरी, सगळं आत. सुटे भागही बरेचसे आतच बनायचे. एचएएलमधून निवृत्त झालेले उत्तम कारागीर माझ्या ओळखीत आहेत, पण त्यांच्यापैकी कुणी स्वतःचं वर्कशॉप टाकलेलं मला भेटलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच: मोठा कारखाना आला म्हणजे क्लस्टर, म्हणजे एकाच धंद्याच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांचा एकमेकांना धरून असलेला पुंजका, झाला असं होत नाही. त्या कारखान्यातली अक्कल बाहेरच्या गाळ्यात जायला वाट लागते. ती वाट नाशकात कुठे आहे आणि कुठे बंद आहे, जाणकारांनी लिहावं.

---

सातपूरचा टर्नर

गोदाकाठ, धागा फार चांगला. ओझरबद्दल जे लिहिलंत ते सातपूर-अंबड या नाशकातल्या औद्योगिक वसाहतींना मात्र लागू नाही, म्हणून लिहितो.

एमआयडीसी स्थापन झाली १९६२ मध्ये. सहकारी तत्त्वावरची नाइसची वसाहतही त्याच सुमाराची. मायको (आताची बॉश), महिंद्रा, सीमेन्स, एबीबी, क्रॉम्प्टन हे सगळे पुढच्या काही दशकांत आले. या कंपन्या सगळं आत बनवत नव्हत्या. पत्रा कापणं, पावडर कोटिंग, तांब्याचे बसबार, वाइंडिंग, स्प्रिंगा, रबराचे भाग हे बाहेरून घ्यायच्या. मग व्हायचं काय, की टूलरूममधला चांगला माणूस दहा-बारा वर्षं काढायचा, साहेबाशी संबंध चांगले असायचे, आणि एक दिवस म्हणायचा, साहेब, मी बाहेर गाळा घेतो, मला फिक्श्चरचं (जॉब पकडून ठेवायच्या साधनांचं) काम द्या. साहेब द्यायचे. पहिली ऑर्डर हेच त्याचं भांडवल. ती चिठ्ठी दाखवून बँकेचं कर्ज.

मी स्वतः असाच बाहेर पडलो. पहिलं मशीन जुनं लेथ, तेही एका बंद पडलेल्या युनिटचं. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडिंगवाला, पलीकडे हीट ट्रीटमेंट. जॉब फसला तर त्या ग्राइंडिंगवाल्याकडे जाऊन विचारायचो, बाबा रे, टेपर का येतोय? तो हात पुसत यायचा, सेंटर बघायचा, टेलस्टॉक हलवून दाखवायचा. पैसे घ्यायचा नाही. तुमच्या त्या इंग्रज अर्थतज्ज्ञाला हेच म्हणायचं असणार.

स्विचगियर, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर यांचा नाशकात जो पसारा दिसतो तो असाच गाळ्यागाळ्याने वाढला. कुठल्या सरकारी आराखड्यात तो आधी काढलेला नव्हता.

---

रोहित्र

सातपूरचा टर्नर काका, नमस्कार. ट्रान्सफॉर्मरचा उल्लेख केलात म्हणून भर घालतो.

आमच्या धंद्यात माल बनवणं अर्धं काम, टाइप टेस्ट (त्या डिझाइनच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली चाचणी) पास होणं उरलेलं अर्धं. वीज कंपनीच्या टेंडरला शॉर्ट सर्किट टेस्टचा अहवाल लागतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर ट्रकवर चढवून भोपाळ किंवा बंगळूरला सीपीआरआय या केंद्र सरकारच्या वीज संशोधन संस्थेकडे न्यायचा. आधी तारीख मिळायची वाट बघायची. टेस्टमध्ये वाइंडिंग सरकलं की तोच ट्रक परत. इथे उघडायचा, क्लॅम्पिंग सुधारायचं, पुन्हा तारीख. मोठ्या कंपनीला हे परवडतं. छोटा माणूस नवीन डिझाइन करायचंच सोडून देतो आणि जुन्याच रेटिंगचा माल काढत राहतो. कागदावर ही वाहतुकीची अडचण दिसते. प्रत्यक्षात ती नवं काही करून बघण्याची अडचण असते.

नाशिकजवळ शिलापूरला सीपीआरआयची प्रादेशिक प्रयोगशाळा उभी राहिली, त्यामागे नाशिकच्या उद्योजकांनी वर्षानुवर्षं केलेला पाठपुरावा आहे. माझ्या मते नव्या दोन मोठ्या कंपन्या आल्या असत्या त्यापेक्षा हे मोठं काम झालं. अंबडच्या नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टरचंही तेच. केंद्राच्या योजनेतून आणि उद्योजकांच्या वर्गणीतून उभी राहिलेली सामायिक सोय. एकट्याला न परवडणारी मोजमापाची यंत्रं तिथे तासावर मिळतात.

---

अंबड व्हीएमसी

मी एरोस्पेसच्या वाटेला गेलेला माणूस आहे, म्हणून नेमकं कुठे अडतं ते सांगतो.

अॅल्युमिनियमचा एक ब्रॅकेट. हातात मावेल एवढा. ७०७५ ग्रेडची प्लेट, तीही मिलच्या दाखल्यासकट आणि हीट नंबर (धातूच्या मूळ घाण्याचा क्रमांक) शेवटपर्यंत मागे लावता येईल अशी. मशिनिंग आमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) झालं, सीएमएमवर (अचूक मापं घेणारं यंत्र) माप बसलं, पहिल्या नगाची जाडजूड तपासणी फाइल तयार झाली. इथपर्यंत नाशिक कुठेही कमी नाही. ऑटोमोबाइलमध्ये घडलेला आपला ऑपरेटर मायक्रॉनला घाबरत नाही. पुढची पायरी अॅनोडायझिंग, म्हणजे अॅल्युमिनियमवर संरक्षक थर चढवणं, आणि भेगा शोधायची तपासणी. या कामांना गिऱ्हाइकाने मान्य केलेलंच दुकान लागतं, त्याला नाडकॅपची (विमान उद्योगातल्या खास प्रक्रियांची आंतरराष्ट्रीय मान्यता) मान्यता लागते. मला तेव्हा जवळ कुणी मिळालं नाही. ब्रॅकेट बंगळूरला गेले. तिथे आपला लॉट छोटा म्हणून रांगेत मागे. परत येईपर्यंत मशिनिंगमध्ये कमावलेलं भाड्यात आणि उशिरात गेलं.

तेजसचीच साखळी बघा. पंख एल अँड टी कोइमतूरला करते. मधला सांगाडा हैदराबादला व्हीईएम टेक्नॉलॉजीज, मागचा सांगाडा बंगळूरला अल्फा टोकॉल. हे सगळे ओझरला भाग पाठवू शकतात, पाठवावेतही, देशाचं काम आहे. पण फेब्रुवारी २०२१ च्या ८३ विमानांवर सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ ची ऑर्डर आली आहे. एवढं काम पुढे दिसत असताना नाशकात एक मान्यताप्राप्त सरफेस ट्रीटमेंटचं (अॅनोडायझिंगसारख्या पृष्ठभागावरच्या प्रक्रियांचं) सामायिक केंद्र झालं, तर आमच्यासारखे कितीतरी गाळे या साखळीत शिरू शकतील. एकट्याने ते उभारणं अशक्य आहे. टाक्या, सांडपाण्याची प्रक्रिया, ऑडिट, आणि काम मात्र पहिली काही वर्षं अर्ध्या क्षमतेचं.

दुसरा मुद्दा पैशाचा. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आमचं बिल इतकं लांबवलं की ओव्हरड्राफ्टचं व्याज भरण्यात त्या कामाचा नफा संपला. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची मर्यादा आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या ४३ बी (एच) मुळे वेळेत न दिलेलं बिल त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, म्हणून थोडी शिस्त आली आहे. तरी तक्रार करायला छोटा माणूस धजत नाही. पुढची ऑर्डर त्याच हातात असते.

---

कृष्णामाई

+१. पैशाच्या मुद्द्याला शंभर वेळा +१.

---

पिंपळगाव बसवंत

मंडळी, तुम्ही क्लस्टर शोधायला सिलिकॉन व्हॅलीपर्यंत गेलात, पण तो दिंडोरी-निफाडच्या शिवारात उभा आहे. द्राक्ष.

कुणी हसू नये. निर्यातीच्या द्राक्षाइतकं तंत्र फार थोड्या उद्योगांत असेल. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, घड कधी आणि किती पीपीएमच्या जीएमध्ये (जिबरेलिक अॅसिड, मणी वाढवणारं संजीवक) बुडवायचा, पानांचं आणि देठांचं परीक्षण, वेलीजवळ हवामान केंद्र, काढणी झाल्यावर काही तासांत प्रीकूलिंग. या प्रत्येक कामाला परिसरात तज्ज्ञ माणूस आहे. औषधवाला, रूटस्टॉकची नर्सरी, पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज, कंटेनर, रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) तपासणारी प्रयोगशाळा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे, पण वेलीखाली उभं राहून एका शेतकऱ्याने दुसऱ्याला सांगितलेलं ज्ञान त्याच्याइतकंच मोलाचं.

आणि मार कसा खाल्ला तेही सांगतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचा (वेलीची वाढ रोखायचं रसायन) अंश सापडला म्हणून युरोपने आपले कंटेनर अडवले. फटका एकट्याला बसला नाही, सगळ्या पट्ट्याला बसला. नीट काम करणाऱ्यालाही. त्यानंतर जे बदललं ते मिळूनच बदललं. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेटवर प्लॉटची ऑनलाइन नोंद, काढणीआधी नमुना, कोणतं औषध कधी बंद करायचं त्याची यादी, हे आधीही होतं, पण आता सगळे ते काटेकोरपणे पाळू लागले. एकाच्या चुकीने सगळ्यांचं नाव जातं हे कळल्यावर शेजारी शेजाऱ्याच्या फवारणीकडे लक्ष ठेवायला लागला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने तर शेतकऱ्यांची कंपनी करून प्रक्रिया आणि निर्यात दोन्ही स्वतःकडे घेतलं.

वाइनचा अनुभव वेगळा आहे. सुला १९९९ ला सुरू झाली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाइन पार्क झालं. वायनरी भराभर निघाल्या. मंदीनंतर मागणी आटली, काही वायनरी बंद पडल्या आणि करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्यांनी बागा तोडल्या. वाइनचं द्राक्ष खायला बाजारात चालत नाही, त्यामुळे दुसरा रस्ताच नव्हता. ज्याच्या मालाला एकच गिऱ्हाईक, त्याच्या डोक्यावर कायम टांगती तलवार. एरोस्पेसचा भाग करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

---

सातपूरचा टर्नर

पिंपळगावकर दादा, अगदी खरं. आमच्याकडे हेच डिझेलचं झालं. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक निकष आले, जुन्या पद्धतीच्या नोझल आणि इंजेक्टरची गरज घटत गेली, आता विजेच्या गाड्या. ज्यांची सगळी मशिनरी एकाच भागासाठी लावलेली होती त्यांची फार ओढाताण झाली. ज्यांनी आधीच थोडं पॅनेलचं, थोडं रेल्वेचं काम धरलं होतं ते तरले.

---

ऋता बंगळूर

मी नाशिकची, इथेच इंजिनिअरिंग केलं, आता बंगळूरला विमानांच्या रचनेचं विश्लेषण करते. माझ्या टीममध्ये नाशिक जिल्ह्यातली बरीच मुलं आहेत. आम्ही परत का येत नाही हा प्रश्न घरी दर दिवाळीला निघतो, त्याचं प्रामाणिक उत्तर देते.

पगार हे पहिलं कारण नाही. इथे माझी नोकरी गेली तर याच शहरात याच कामाच्या दुसऱ्या नोकऱ्या आहेत. माझ्या नवऱ्याचं क्षेत्र वेगळं, त्यालाही आहेत. नाशकात माझ्या कामाची जागा एखाद-दुसरी. ती सुटली की घर हलवायचं. घराचा हप्ता डोक्यावर असणारा माणूस असा निर्णय घेत नाही.

बंगळूर असं का झालं ते महाराष्ट्राने मुद्दाम बघावं. विमानाचा कारखाना तिथे डिसेंबर १९४० मध्ये काढला तो आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था १९०९ पासून तिथे होतीच, तिने १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग काढला. मग एनएएल ही विमान संशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, इस्रो, आणि तेजसचा आराखडा करणारी एडीए १९८४ मध्ये. कारखाना, कॉलेज, प्रयोगशाळा आणि आराखडा करणारे, सगळे एका शहरात. एकातून बाहेर पडलेला दुसऱ्यात जातो. खाजगी कंपन्या या गर्दीत नंतर आल्या.

तैवानच्या शिंचूचं उदाहरण याहून नेमकं आहे, कारण ते ठरवून केलेलं आहे. १९७३ मध्ये सरकारने आयटीआरआय ही संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीकडून चिपचं तंत्र घेतलं आणि तरुण इंजिनिअर शिकायला पाठवले. १९८० मध्ये सायन्स पार्क, शेजारी दोन विद्यापीठं. त्याच वर्षी संस्थेतूनच यूएमसी ही चिप कंपनी बाहेर पडली, १९८७ मध्ये टीएसएमसी. सरकारने संस्था काढली आणि तिच्यातली माणसं, तंत्र, यंत्रं कंपनी म्हणून बाहेर जाऊ दिली. आपल्याकडे सरकारी संस्थेतून असं बाहेर पडणं अजून अवघड जातं.

ओझरलाही आराखड्याचं काम होतं हे नाशिककरांना फारसं ठाऊक नसतं. एचएएलचं एयूआरडीसी हे विमान सुधारणा आणि संशोधन केंद्र तिथेच आहे. सुखोईला ब्राह्मोस बसवायचा बदल नाशकात झाला, २५ जून २०१६ ला ते विमान तिथूनच पहिल्यांदा उडालं. हे काम करणारी बुद्धी शहरातल्या कॉलेजांत शिकवायला, प्रकल्प द्यायला नियमित आली तर माझ्यासारख्यांच्या पुढच्या बॅचला बंगळूर गाठावं लागणार नाही.

---

गोंदे फाटा

ऋता ताई, प्रतिसाद फार आवडला. माझी शंका वेगळी आहे. विकास नाशिक शहराचा होईल, जिल्ह्याचं काय? सिन्नरजवळ गुळवंच-मुसळगावला सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्र) शेकडो हेक्टर जमीन घेतली. १३५० मेगावॉटचा वीज प्रकल्प उभा राहिला आणि वर्षानुवर्षं बंद पडून राहिला. जमीन देणाऱ्यांच्या पोरांना ज्या नोकऱ्या मिळणार होत्या त्या कुठे आहेत? आता नव्या औद्योगिक वसाहतींसाठी अक्राळे, आडवणची नावं ऐकतो. पेठ-सुरगाण्याची माणसं अजूनही द्राक्षाच्या विरळणीला टेम्पोत बसून येतात. त्यांच्यासाठी या हायटेकमध्ये जागा आहे का?

---

गोदाकाठ (धागाकर्ता)

गोंदे फाटा, तुमचा प्रश्न टाळून हा धागा पुढे नेता येणार नाही. सिन्नरमध्येच दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. मुसळगावची सहकारी वसाहत आणि माळेगाव एमआयडीसी, जिथे छोटे-मोठे कारखाने एकेक करत आले आणि विड्या वळणाऱ्या गावाला दुसरा रोजगार मिळाला. आणि सेझ, जिथे एकदम प्रचंड जमीन घेतली पण ज्यांच्यासाठी घेतली ते उद्योजक कुणाला माहीतच नव्हते. दूध कितीही असो, विरजण लागल्याशिवाय दही होत नाही. सेझमध्ये ते विरजण नव्हतं.

पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी मला आयटीआय हाच खरा रस्ता दिसतो. पण जुन्या मशीनवरचा नको. अंबडच्या क्लस्टरमध्ये ज्या यंत्रांवर काम चालतं त्यांवर संध्याकाळच्या पाळीत त्यांना बसवा. सीएमएम चालवणारा, विनाशरहित तपासणीचा प्रमाणित तंत्रज्ञ, अॅनोडायझिंग लाइनवरचा माणूस, यासाठी पदवी लागत नाही. प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि राहायची सोय लागते. राहायची सोय मुद्दाम लिहिली, कारण सुरगाण्याहून रोज जाऊन-येऊन कुणी शिकू शकत नाही.

---

रोहित्र

रस्त्यांचं कुणी बोललं नाही. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. सगळा ७०१ किलोमीटर मार्ग आता चालू आहे आणि तो सिन्नरवरून जातो. बंदराकडे जाणाऱ्या मालाला याचा उपयोग मोठा. पण पुण्याचं काय? आपला निम्मा व्यवहार पुण्याशी. नाशिक-पुणे रेल्वे अजून कागदावर आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मार्ग बदलायचं ठरलं. दुर्बिणीचं म्हणणं रास्त आहे, तिच्या कामाला रेल्वेचा त्रास होणारच. पण पर्याय लवकर ठरवावा.

---

अंबड व्हीएमसी

रस्त्याने माल जातो तशी माणसंही जातात, हेही लक्षात घ्या. पुणे दोन तासांवर आलं की आपला इंजिनिअर इथे राहून तिथे काम करू शकेल, किंवा इथला कारखाना उचलून तिकडेही जाईल. दोन्ही होऊ शकतं. इथे टेस्टिंग, सरफेस ट्रीटमेंट आणि डिझाइनचं काम आधी असलं तर पहिलं होईल.

गोदाकाठ, माझा एक ठोस प्रस्ताव आहे. मान्यताप्राप्त सरफेस ट्रीटमेंट केंद्रासाठी विशेष कंपनी काढून वर्गणी भरायला तयार असलेल्या युनिटांची यादी करू. प्रत्येकाने महिन्याला अंदाजे किती चौरस डेसिमीटर काम देता येईल ते लिहायचं. अॅनोडायझिंगचा हिशोब क्षेत्रफळावरच होतो, नगांवर नाही. हा आकडा हातात असेल तर निमा, आयमा या उद्योजकांच्या संघटनांकडे आणि एचएएलच्या आउटसोर्सिंग विभागाकडे जाता येईल. आमचं युनिट पहिलं धरा.

---

सातपूरचा टर्नर

माझ्या मुलाचं युनिट दुसरं. आणि सांडपाण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, नंतर जोडू म्हणू नका. क्रोमिक की सल्फ्युरिक, कोणत्या प्रकारचं अॅनोडायझिंग हवं ते आधी गिऱ्हाइकाला विचारून घ्या. टाक्या आणि प्रदूषण मंडळाची परवानगी दोन्ही त्यावर ठरतील.